घरामागचा हौद

औशाच्या रस्त्याला, लातूर संपलं असं वाटतं आणि लगेच नव्या प्लॉटिंगच्या पाट्या सुरू होतात, तिथं आमचं घर आहे. घरामागं पोहण्याचा हौद आहे. २६ फूट लांब, १३ फूट रुंद, पायऱ्यांकडं साडेतीन फूट खोल आणि पलीकडच्या टोकाला साडेपाच. काठोकाठ भरला तर त्यात ४३,००० लिटर पाणी मावतं. पोहण्यासाठी म्हणून तो २०१५ नंतर कधी भरला गेला नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, होते तोवर हा विषय घरात निघायचा नाही. त्यांचं वर्षश्राद्ध झालं, पाहुणे पांगले आणि ओसरीवर पान लावत बसलेल्या मामांनी तोंड फोडलं, "आता त्या खड्ड्याचं काय करणार?" तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाकडं याचं उत्तर तयार असतं. पुण्याला असलेला माझा धाकटा भाऊ म्हणतो, "अक्का, बुजवून टाकू आणि वर दोन खोल्या काढू." त्याची मुलगी म्हणते, दुरुस्त करून पुन्हा पाणी भरा. शेजारच्यांना त्यात मासे सोडावेसे वाटतात. आई एवढंच म्हणते, "काय करायचं ते करा, पण पावसाळ्याच्या आत करा. एखाद्याचं लेकरू पडायच्या आत करा."

आईसोबत या घरात मी राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळ-संध्याकाळ तो हौद मला दिसतो. त्यामुळं ठरवायचं मलाच आहे.

लातूरसारख्या ठिकाणी कुणी घरामागं पोहण्याचा हौद बांधतो म्हटल्यावर लोकांच्या मनात जे चित्र उभं राहतं, ते अण्णांना लागू पडत नाही. अण्णा पाटबंधारे खात्यातले. बहात्तरच्या दुष्काळात ते विशी ओलांडलेले, दुष्काळी कामांवर मस्टर भरायला लागले होते. पाझर तलावाच्या भरावावर डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या बायांची, खडी फोडणाऱ्या म्हाताऱ्यांची हजेरी त्यांनी मांडली. सुकडी वाटली. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी त्या पिढीनं जी खाल्ली, ती पुढं आयुष्यभर त्यांच्या बोलण्यात येत राहिली. अशा माणसाला पाण्याची किंमत कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी हौद बांधला तो विहिरीपायी.

आमच्या गावाकडच्या रानात विहीर होती. काळ्या दगडात बांधलेली, गोल, आत उतरायला भिंतीतून बाहेर काढलेले दगडी टप्पे. मोट जाऊन मोटार आली तरी मोटेचं पाणी पडायचं ते थारोळं तसंच होतं आणि त्यावर बसून आम्ही पाय सोडायचो. उन्हाळ्याच्या सुट्टीत अण्णा सगळ्या चुलत-मावस भावंडांना पोहायला शिकवायचे. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा, तो नसला तर पत्र्याचा डबा तोंड बंद करून. मग हनुवटीखाली त्यांची दोन बोटं. फक्त दोन. बाकी अंग पाण्यावर आपण धरायचं. पाणी कापताना ती बोटं अजून आहेत का गेली हे कळायचं नाही, आणि एकदा मान वळवून बघितलं तर अण्णा पार पलीकडच्या टप्प्यावर उभे. मला आठव्या वर्षी पोहता यायला लागलं. पोरीच्या जातीला विहिरीत कशाला उतरवता, असं आजी म्हणायची. अण्णांनी तिला उलट उत्तर दिलं नाही आणि मला विहिरीतून बाहेरही काढलं नाही. वयात आल्यावर मी स्वतःच जायची थांबले. गावात तेव्हा तसंच होतं. पण पोहणं अंगात राहिलं आणि त्याबद्दल मी वडिलांची ऋणी आहे.

हे लिहिताना दुसरी गोष्टही लिहिली पाहिजे. त्या विहिरीत गावातली सगळी लेकरं पोहत नव्हती. गावकुसाबाहेरची पोरं बांधावर उभी राहून आमच्या उड्या बघायची. त्यांच्या आया पाण्याला यायच्या तेव्हा आमच्या घरातलं कुणी तरी शेंदून त्यांच्या घागरीत वरून ओतायचं. मला ते लहानपणी दिसत होतं आणि काही वेगळं वाटत नव्हतं. विहिरींच्या आठवणी लिहिल्या जातात तेव्हा सूर, मुटके, गार पाणी हे सगळं येतं. बांधावरची पोरं येत नाहीत. मला ती या हौदाच्या निर्णयात आणायची आहेत. का, ते पुढं येईलच.

विहीर आटली. एका उन्हाळ्यात आटली असं नाही, आधी चैतात तळ दिसायला लागला, मग होळीला, मग संक्रांतीला. आमच्याकडची जमीन वरून काळी आणि खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. या दगडात पाणी सगळीकडं झिरपत नाही. भेगा आणि वरचा कुजलेला थर, एवढ्याच जागा. विहीर त्या वरच्या थरातलं पाणी घेते. आजूबाजूला बोअर पडत गेले, दोनशे फूट, चारशे फूट, मग सातशे-आठशे. खालच्या भेगांमधून उपसा सुरू झाला, वर ऊस वाढला आणि विहिरींना काही उरलं नाही. अण्णा नोकरीतून सुटले तोवर आमची विहीर पाखरांच्या घरट्यांची झाली होती.

नातवंडं उन्हाळ्याला यायची. पुण्यात वाढलेली, पाण्याला भिणारी. अण्णांना ते सहन झालं नाही. २०१० चा पाऊस चांगला होता, बोअरला पाणी होतं आणि निवृत्तीच्या पैशातले थोडे शिल्लक होते. २०११ च्या हिवाळ्यात त्यांनी स्वतः उभं राहून हौद बांधून घेतला. आयुष्यभर सरकारी बांधकामाची मापं घेतलेला माणूस. भिंतीत दुहेरी जाळीचे गज घालायला लावले, कोपरे गोल करून घेतले, पाणी मुरू नये म्हणून प्लॅस्टरला दोन थर. त्या उन्हाळ्यात पुन्हा ती दोन बोटं, पुन्हा हनुवटी, फक्त पाठीला भोपळ्याऐवजी बाजारातला फुगा. माझी भाची तिथंच शिकली. तिला तो हौद दुरुस्त करून हवा आहे यात नवल नाही.

नंतरची वर्षं इथल्या माणसाला सांगायला नकोत. २०१२ ला पाऊस कमी, २०१४ ला कमी, २०१५ ला तर खरीप हातचं गेलं. शहराला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं. त्या दिवाळीनंतर हौदात उरलेलं पाणी अण्णांनी पलीकडच्या वस्तीवरच्या जनावरांना दिलं. मोटार लावून नाही, बादल्यांनी. ज्याची जनावरं त्यानं यावं आणि न्यावं. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून लातुरात जमावबंदी लागली. आणि १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा डबे होते, सुमारे पाच लाख लिटर. पुढं पन्नास डब्यांची गाडी यायला लागली. पहिली गाडी बघायला अण्णा स्टेशनवर जाऊन आले. आल्यावर हातपाय न धुता मागच्या दारात बसले आणि म्हणाले, "एका डब्यात पन्नास हजार लिटर. आपला हौद म्हणजे जवळजवळ एक डबा."

पुन्हा त्यांनी हौद भरला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात धो धो पाऊस झाला, मांजरा भरलं, बोअरला पाणी आलं, तरी नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, बघू पुढच्या साली.

मग काही वर्षं हौद तसाच पडून राहिला. फिल्टरची मोटार जाम झाली. बोअरचं पाणी जड असल्यामुळं निळ्या टाइल्सवर क्षारांचा पांढरा थर होताच, त्याखालच्या टाइल्स आता नखानं ओढल्या तरी निघतात. स्टीलची शिडी मात्र तशीच चकचकीत आहे. दर पावसाळ्यात फूट-दीड फूट पाणी साचतं. त्यात बेडूक येतात, बेडकांमागं दिवड येतो. त्याचा कुणाला उपद्रव नाही, तो विषारी नसतो. उपद्रव डासांचा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आमच्या आशाताई दर पावसाळ्यात वाकून बघतात आणि गप्पी मासे सोडायला देतात. मासे अळ्या खातात, हे खरं. पण माघात पाणी आटलं की मासेही जातात आणि पुढच्या आषाढात पुन्हा पहिल्यापासून.

त्यातच २०२५ चा सप्टेंबर आला. मराठवाड्यात कोरड्याची सवय, आणि इथं धाराशिव, बीड, लातूर, सगळीकडं रानंच्या रानं वाहून गेली. सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं, माती खरवडून नेली. आमच्या मागच्या रानातलं पाणी कंपाउंडखालून आत आलं आणि हौद काळ्या गढूळ पाण्यानं गच्च भरला. दहा वर्षांनी भरलेला हौद असा बघायला मिळाला. पाणी खाली गेल्यावर तळाला वीतभर गाळ होता. शेजारच्यांनी तो उचलून आपल्या बांधावर टाकला. त्यांच्या रानातून आला होता, त्यांच्या रानात गेला.

त्यानंतर मी एका इंजिनीअर मैत्रिणीला बोलावलं. तिनं भिंती ठोकून पाहिल्या आणि सांगितलं, टाइल्स गेल्या, पण काँक्रीट ठणठणीत आहे. तिनंच एक गोष्ट समजावली जी मला माहीत नव्हती. हौद पूर्ण रिकामा ठेवणं धोक्याचं असतं. जोराच्या पावसात जमिनीखालचं पाणी चढलं की रिकामा हौद खालून वर उचलला जाऊ शकतो, अख्खाच्या अख्खा, आणि मग भिंती तडकतात. अण्णा पावसाळ्यात कधीच तो कोरडा ठेवत नसत. आता कारण कळलं.

आता बुजवण्याचं बघू. भावाचं म्हणणं चूक नाही. त्याला इथं येऊन राहायला खोल्या हव्यात, आईचं वय झालंय, उघडा खड्डा घराला बरा नाही. पण बुजवणं म्हणजे चार ट्रॉल्या माती ओतून मोकळं होणं नव्हे. आधी तळाला ब्रेकरनं भोकं पाडावी लागतात, नाहीतर खाली पाणी साचून वरची जमीन कायम दलदलीची राहते. वरच्या कडा दोन-तीन फूट फोडून काढाव्या लागतात. मग मुरूम, थराथरानं, पाणी मारून, दाबून. हौदाचं माप पंधरा ब्रासचं, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दबल्यावर बसतो म्हणून अठरा-वीस ब्रास धरावा लागतो. आणि आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकून आकसते. तिच्या पोटात भरलेल्या मुरमावर लगेच खोली उभी केली तर भिंती वर्षा-दोन वर्षांत बोलायला लागतात. पाया खाली पक्क्या मुरमापर्यंत न्यायचा तर तोच खर्च खोलीच्या निम्म्यावर जातो. हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, "म्हणजे बुजवायचं नाही असं ठरलंय तुझं."

हो, ठरलंय, पण खर्चामुळं नाही.

आमच्या भागात पाण्यासाठी खोदलेलं बुजवण्यात आपण फार पटाईत झालो आहोत. मी शाळेत शिकवत होते तेव्हा एकदा मुलांची सहल परभणी जिल्ह्यातल्या वालूरला नेली होती. तिथली बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, गोल आहे आणि पायऱ्या चक्राकार फिरत खाली उतरतात. वरून बघताना डोळा ठरत नाही. ती कित्येक वर्षं गाळाखाली आणि कचऱ्याखाली गेलेली होती. गावकऱ्यांनी अंगमेहनतीनं उपसली तेव्हा पायऱ्या दिसल्या. बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली, आणि तिच्यातून भुयारी वाटेनं पाणी रानांना जायचं. मलिक अंबरनं औरंगाबादला जमिनीखालून नहर आणली ती सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. देवगिरीच्या किल्ल्यात हत्ती हौद आहे, त्याच्या कोरड्या तळाकडं बघितलं की त्या माणसांचा पाण्याचा धसका कळतो. इथं राज्य करणाऱ्या प्रत्येकाला आणि इथं राहणाऱ्या प्रत्येकाला आधी खोदावं लागलं. आणि आपण काय केलं? नळ आला, बोअर आला, आणि गावोगावच्या बारवांत आपण केर टाकला, मेलेली जनावरं टाकली, बांधकामाचा राडारोडा टाकला. माझ्या आजोळची बारव आता एका दुकानाखाली आहे. तिथं बारव होती हे सांगणारी माणसंही आता संपत आली.

अण्णांचा हौद काही बारव नाही, त्याला कुणी बघायला येणार नाही. पण खोदलेला आहे, बांधलेला आहे, आणि पाणी धरतो. कोरडवाहू मुलखात ४३,००० लिटर पाणी धरणारी जागा मुरमानं भरायची आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच अंगणात टँकरची वाट बघत बसायचं, हे मला पटत नाही. तो मुरूमही कुठल्या तरी माळाची कड कापूनच येणार.

भाचीचं म्हणणं मला जास्त जड जातं. तिचं म्हणणं असं, की पोहायला येणं ही चैन नाही. आता गावोगावी शेततळी झाली आहेत. दहा-पंधरा फूट खोल, आत प्लॅस्टिकचा कागद. तो ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, हात ठरत नाही. पडलेलं लेकरू काठापासून हातभरावर असूनही वर येऊ शकत नाही. काढायला गेलेला बापही जातो. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात आणि त्यातली पोरं आपल्याच भागातली असतात. विहिरी गेल्या, विहिरींबरोबर पोहणं गेलं, आणि पाणी मात्र नव्या रूपात परत आलं. "आत्या, अण्णाआबांनी मला शिकवलं नसतं तर?" असं ती विचारते. यावर उत्तर देणं सोपं नाही.

मी कागद घेऊन बसले. हौद उघडा ठेवून पोहायला वापरायचा तर पाणी रोज काही तास फिल्टरमधून फिरवावं लागतं, क्लोरीन मोजून ठेवावं लागतं, फिल्टर उलटा धुवावा लागतो आणि ते धुतलेलं पाणी सोडून द्यावं लागतं. हे सगळं पैशानं होतं. पण ऊन पैशानं थांबत नाही. आमच्याकडं मे महिन्यात उघड्या पाण्याचा दिवसाला सेंटिमीटरभर तरी वाफारा होतो. हौदाचा पृष्ठभाग ३१ चौरस मीटर. म्हणजे दिवसाला तीनशे लिटर पाणी नुसतं उडून जाणार. आई आणि मी, नीट वापरलं तर, दोनशे लिटरमध्ये घर चालवतो. आम्ही वापरतो त्याच्या दीडपट पाणी रोज उन्हाला द्यायचं, तेही आठशे फुटांवरून उपसलेलं. हा आकडा मी भाचीला पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं: "मग शिकवायचं कुठं?"

शिकवायचं सार्वजनिक तलावावर. एका सामाईक तलावात शेकडो लेकरं शिकतात, तिथं पाण्याचा तेवढाच वाफारा शेकडो जणांच्या नावावर पडतो, तिथं जीवरक्षक असतो. उन्हाळी सुट्टीत गावाकडच्या पोरांना घेऊन जाणारं एक वाहन ठरवायचं, त्यातला एक वाटा मी माझ्या पेन्शनीतून देणार आहे. बाकीचा भाचीनं तिच्या मैत्रिणींकडून जमवायचा असं आमचं बोलणं झालंय. आणि आजूबाजूला ज्यांची शेततळी आहेत त्यांना मी घरोघर जाऊन सांगते आहे: तळ्याला तारेचं कुंपण करा, आणि चारी बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर आत सोडून ठेवा, दोराला रिकामे कॅन बांधा. दोर पकडता येतो, कागद पकडता येत नाही. दोघा-तिघांनी सोडले आहेत. बाकीचे सोडेपर्यंत मी जात राहणार.

मासे, कमळं, खाली उतरून बसायची बाग, यांचा विचार मी केला नाही. त्यांना पाणी लागतं किंवा पावसाळ्यात त्यांच्यात पाणी साचतं. दोन्ही नको आहे.

राहिली पावसाच्या पाण्याची टाकी, आणि तीच करायची आहे. आमची गच्ची १,५०० चौरस फुटांची, म्हणजे साधारण १३९ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमच्याकडं वर्षाला साडेसातशे मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया जातो असं समजलं, तरी ८३,००० लिटर गच्चीवरून उतरतात. आज ते सगळं पन्हाळीतून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर जातं. हौद जवळजवळ दोनदा भरेल एवढं पाणी. पाऊस निम्मा झाला, अगदी दुष्काळाचं साल निघालं, तरी एकदा तो भरतोच, जवळजवळ काठापर्यंत. आणि ४३,००० लिटर, दिवसाला दोनशेच्या हिशेबानं, सात महिने जातात. कार्तिकात पाऊस विसरायचा आणि ज्येष्ठापर्यंत पुन्हा आठवायचा नाही. या हिशेबाचा कागद मी देवघरात ठेवला आहे. मला त्याचा मनापासून आनंद झाला आहे.

मैत्रिणीनं सांगितलेली कामं अशी. निघालेल्या टाइल्स खरवडून आतून पुन्हा पाणीरोधक प्लॅस्टर. मधे दोन बीम टाकून वरून पूर्ण स्लॅब. उजेड अजिबात आत जायला नको. उजेड नसला की शेवाळ होत नाही, ऊन नसलं की वाफारा होत नाही, आणि जाळी नीट बसली तर डास जात नाही. स्लॅबचं वजन वरून बसलं की हौद उचलला जायची भीतीही कमी होते. गच्चीच्या पाइपाला आधी वळणाचा वाल, म्हणजे मोसमाचा पहिला पाऊस गच्ची धुऊन बाहेर जाईल, मग वाळू-खडी-कोळशाची गाळणी, मग टाकी. टाकी भरली की जास्तीचं पाणी बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात. कंपाउंडच्या बाजूनं एक वीट उंच कठडा, म्हणजे रानातलं गढूळ पाणी आत शिरणार नाही. पिण्यासाठी घ्यायचं ते उकळून घ्यायचं. आणि टाकी साफ करायला माणूस उतरवायचा तर आधी दोन्ही झाकणं बराच वेळ उघडी ठेवायची आणि वर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय पहिल्यानं उतरायचं नाही. बंद टाकीत गुदमरून माणसं जातात. हे वाक्य मी झाकणावर रंगानं लिहून घेणार आहे.

गवंडी आले होते ते अण्णांना ओळखणारे निघाले. हौदात उतरून त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "बाई, असलं काम आता कोण करतंय? हे बुजवायचं कामून?" मग त्यांनी आमच्या रस्त्याकडच्या भिंतीकडं बोट दाखवून विचारलं, इथं भोक कशाला मारायचं म्हणता?

ते भोक नळासाठी आहे. पलीकडं वस्ती आहे, पंधरा-वीस घरांची. काही जुनी, काही ऊसतोडीहून परत आल्यावर टेकलेली. त्यांना एप्रिल-मे मध्ये टँकरवर थांबावं लागतं आणि टँकरची वेळ कुणालाच ठाऊक नसते. नळ भिंतीच्या बाहेरच्या बाजूला हवा. आत यायला लागू नये, कुणी ओतून द्यायची वाट बघायला लागू नये. आपल्या हातानं चावी फिरवावी आणि घागर भरावी. ८३,०००मधले ४३,००० आम्ही साठवणार, सगळेच आम्हाला लागतात असं नाही. चांगल्या पावसाच्या सालात टाकीतला तिसरा हिस्सा त्या नळाचा. वाईट सालात निम्मा, कारण गरज तेव्हाच जास्त. हा हिशेब आईनं केला, मी नाही. तिनं आजीच्या काळात विहिरीवर वरून पाणी ओतलेलं आहे.

भावाचा मला परवा रात्री फोन आला. खोल्यांचं त्यानं बाजूला ठेवलंय. स्लॅब मजबूत झाला तर त्यावर पुढं एक पत्र्याची बैठक काढता येईल का, एवढंच विचारत होता. मैत्रीण म्हणते येईल, फक्त बीमचं माप आत्ताच त्या हिशेबानं धरायला हवं. स्टीलचे पैसे तो देणार आहे.

काम उन्हाळ्यात धरून चालणार नाही. स्लॅब पडल्यावर किमान दोन आठवडे त्याला पाणी द्यावं लागतं आणि एप्रिलात बोअर तेवढं देत नाही. म्हणून संक्रांत झाली की खरवडायला सुरुवात, माघात सेंट्रिंग, पाडव्याच्या आत स्लॅब ओला ठेवून पक्का. गाळणी आणि पाइप रोहिण्यांच्या आधी. मृगाचा पहिला पाऊस बाहेर सोडायचा, दुसऱ्यापासून पाणी आत घ्यायचं. गजाचं माप भावानं मागितलं आहे, ते आज लिहून पाठवते.